पुराला वरच्या अंगाला अडवणारे विश्वेश्वरय्या

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपल्याकडे अभियंता दिन साजरा होतो. हा भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. म्हैसूरचे दिवाण आणि कृष्णराजसागर धरण यांमुळे ते घराघरांत माहीत आहेत. मात्र त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि नोकरीचा पूर्वार्ध मुंबई इलाख्यात गेला, हे आपल्या नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. आपला धारवाड जिल्हाही तेव्हा त्याच इलाख्यात होता.

चिक्कबळ्ळापूरजवळील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव. वडील संस्कृतचे विद्वान होते, पण त्यांचे छत्र लवकर हरपले. शिकवण्या करून ते बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी.ए. झाले. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले आणि १८८३ च्या परीक्षेत पहिले आले. १८८४ मध्ये ते सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून पावसाळ्यातले जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई. भिंत न वाढवता ते साठवायचे, आणि पूर आला तर धरणाला धोकाही होऊ द्यायचा नाही, असा दुहेरी प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले. पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की दरवाजे आपसूक उघडत आणि पूर ओसरला की मिटत. १९०३ साली ते तेथे बसवले गेले.

इलाख्याची नोकरी सोडून ते युरोपात फिरत असताना निजाम सरकारचे बोलावणे आले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले होते. सुमारे १५ हजार माणसे दगावल्याचे सांगितले जाते. एरवी मुसी ही लहानशीच नदी. विश्वेश्वरय्यांनी पावसाचे आकडे तपासले आणि नदीच्या वरच्या खोऱ्यातील तळ्यांची मोजदाद केली. तेथे ७८८ तळी होती आणि त्यांपैकी २२१ फुटली होती. एका तळ्याचे पाणी खालच्या तळ्यावर कोसळत गेले आणि सगळा लोंढा शहरावर आला.

नुसते काठ उंच करून शहर वाचणार नाही, पूर शहराच्या वरच अडवून हळूहळू सोडला पाहिजे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातूनच मुसीवर उस्मानसागर आणि ईसी नदीवर हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. त्यांनी शहराला पिण्याचे पाणीही पुरवले. शहरातील गटारांची योजनाही त्यांनी आखून दिली.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे नवे धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्याला पेलला नाही. तेही फुटले आणि पुणे बुडाले. शंभरीच्या घरातील विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या हुबळी-धारवाडला मोठी नदी नाही, म्हणून पुराची भीती नाही असे आपण धरून चालतो. पण ऑगस्ट २०१९ मध्ये उणकल तलाव भरून वाहिला आणि नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आपली जुळी शहरे तळ्यांची आहेत. बँकेत आम्ही तारण म्हणून आलेल्या जागेची कागदपत्रे कसून तपासत असू. घर किंवा प्लॉट घेताना तितक्याच काळजीने जुना नकाशा पाहावा आणि पाण्याची वाट कुठून जाते ते विचारावे. तळ्याचा बांध आणि सांडवा शाबूत आहे का, नाला मोकळा आहे का, हे पावसाळ्यापूर्वी पाहिले जाते की नाही, याची महापालिकेकडे चौकशी करणे हेही आपले काम आहे. यंदाच्या अभियंता दिनी मुलांना त्यांचे चरित्र सांगताना खडकवासल्याचे दरवाजे आणि फुटलेल्या २२१ तळ्यांची गोष्टही जरूर सांगावी.