विश्लेषण : पोटातल्या गाठीचे नाव कसे ठरते? परळच्या डॉ. खानोलकरांपासून ‘आयएचसी’पर्यंत

भाईंदरच्या नवघर रोडवरून स्टेशन गाठायचे, लोकलने प्रभादेवीला उतरायचे आणि तिथून परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल. कर्करोगाचा संशय असलेल्या अनेक घरांना हा रस्ता पाठ आहे. पिशवीत असतो मेणाचा छोटा ठोकळा, म्हणजे ‘ब्लॉक’, आणि बायोप्सी रिपोर्टवर एक शेरा : ‘आयएचसी करावे’. हे नेमके काय? आणि मुंबईत गाठी ओळखण्याच्या शास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर कोण होते?

लंडनहून मुंबईत

१३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीत एमडी केले. परत येऊन त्यांनी ग्रँट मेडिकल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात हाच विषय शिकवला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधनाचे संचालकपद त्यांच्याकडे आले.

खानोलकर सूक्ष्मदर्शकापाशी थांबले नाहीत, रुग्ण खातो काय आणि नेसतो काय हेही त्यांनी पाहिले. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई या सहकाऱ्यासह त्यांनी सवयींशी जोडलेले कर्करोग मांडले. खालच्या ओठामागे चुना-तंबाखू धरून ठेवणाऱ्यांना तिथेच होणारा ‘खैनी कर्करोग’ आणि धोतर घट्ट कसल्याने कमरेच्या कातडीवर होणारा ‘धोती कर्करोग’. तंबाखूवर आज आपण सहज बोलतो, पण हे निरीक्षण ८० वर्षांपूर्वीचे आहे.

१९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. १९६० ते ६३ या काळात खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषणही मिळाले.

त्यांच्याकडे काय नव्हते?

पेशींना गुलाबी-जांभळा रंग देऊन त्यांचा आकार पाहणे, हेच तेव्हाचे मुख्य साधन. पण जठरातल्या दोन गाठी दिसायला सारख्या आणि मुळात वेगळ्या असू शकतात. लांबट पेशींच्या गाठी तेव्हा बहुतेक वेळा स्नायूंच्या गाठी म्हणून नोंदल्या जात.

आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, आकाराऐवजी पेशीतले प्रथिन शोधते. ठराविक प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी काचपट्टीवर टाकतात. प्रथिन असेल तर तिथे तपकिरी रंग उमटतो. अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडण्याची कल्पना अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्येच मांडली होती, म्हणजे टाटा मेमोरियल सुरू झाले त्याच वर्षी. रोजच्या निदानात ती यायला मात्र काही दशके गेली.

फरक कुठे पडतो?

लांबट पेशींच्या त्या गाठीत सीडी११७ आणि डॉग१ हे मार्कर उमटले, तर ती बहुधा ‘जिस्ट’ असते. जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये तिच्यातील किट जनुकाचा दोष दाखवला. नेहमीच्या केमोला फारशी दाद न देणाऱ्या या गाठीवर इमॅटिनिबच्या गोळ्या चालतात. नाव चुकले तर औषधही चुकते. सुमारे ५ टक्के जिस्टमध्ये सीडी११७ उमटतच नाही, त्यामुळे एका मार्करवर निकाल देत नाहीत.

यकृतात गाठ सापडली आणि मूळ कुठे ते कळत नसेल, तर सीके७, सीके२० आणि सीडीएक्स२ एकत्र पाहतात. सीके२० आणि सीडीएक्स२ उमटले, सीके७ नाही, तर पॅथॉलॉजिस्टची नजर आधी मोठ्या आतड्याकडे जाते. जठराच्या कर्करोगात हर२ पाहून औषध ठरवतात.

यातले बहुतेक खानोलकरांनी पाहिले नाही. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेल्या सेंटरचा वारसा आज खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये सुरू आहे.

आणि तो मेणाचा ब्लॉक? नीट जपला असेल आणि त्यात पुरेसा तुकडा असेल, तर काही वर्षांनीही त्यावर आयएचसी करता येते, दर वेळी नवी बायोप्सी लागत नाही. म्हणून लॅबमधून रिपोर्ट आणि स्लाइडसोबत ब्लॉकही मागून घ्यावा.