बाबासाहेबांचे अर्धे राहिलेले शिक्षण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. हे सर्वांना पाठ आहे. मी त्यांच्या परदेशातल्या शिक्षणाविषयी लिहितो.

मुंबईत ते बी.ए. झाले. विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. राज्यशास्त्र म्हणजे राज्य कसं चालतं ते शिकणं, असं गुरुजींनी सांगितलं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे एम.ए. होऊन १९१६ साली लंडनला गेले. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीवर होती. तेव्हा महायुद्ध चालू होतं. ती बोट बुडवली गेली. सगळी पुस्तकं गेली! मला इथे फार वाईट वाटलं.

मग त्यांनी मुंबईत कॉलेजात शिकवून पगारातले पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. रमाबाईंनी घरी काटकसर केली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

माझी ताई सातवीनंतर घरीच आहे. तिचं दप्तर खुंटीला तसंच आहे. शनिवारी बाबा हे भित्तिपत्रक बघायला येणार आहेत, म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहिलं.