कोण होते विल्यम स्लिम? वेढ्यातल्या फौजेला विमानातून रसद पुरवणारे सेनापती
ब्रिस्टलमध्ये १८९१ साली जन्मलेले विल्यम स्लिम आधी शिक्षक, मग कारकून होते. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात आले. १९३९ मध्ये बेळगावच्या वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण शाळेचे ते प्रमुख झाले.

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि स्लिम यांच्या फौजेला जंगलातून भारतात माघार घ्यावी लागली. मागचा रस्ता तुटला की फौज हटायची. चौदाव्या सैन्याची सूत्रे घेतल्यावर स्लिम यांनी ही रीत बदलली. वेढा पडला तरी जागा सोडायची नाही, रसद विमानातून येईल.

नेहमीची पॅराशूट पुरेनात, म्हणून त्यांनी बंगालच्या गिरण्यांकडून तागाची बनवून घेतली. खर्च सुमारे विसाव्या भागावर आला.

पण नेम चुकला तर? मार्च १९४४ मध्ये सांगशाक येथे मराठा पलटण असलेल्या ब्रिगेडसाठी टाकलेली बरीच रसद जपान्यांच्या हाती पडली. इंफाळमध्ये मात्र डाकोटा विमाने धावपट्टीवर उतरत. ती धान्य, दारूगोळा आणत आणि जखमींना घेऊन जात. जवळपास तीन महिन्यांनी, २२ जून १९४४ रोजी रस्ता खुला झाला. तोवर उपासमार झाली होती ती वेढा घालणाऱ्या जपान्यांची.

पुढे फील्ड मार्शल झालेल्या स्लिम यांचे १९७० मध्ये निधन झाले.