खेळ तीन वर्षांचा, साथ बारा वर्षांची

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात बारा जण आहेत, आणि त्यांतला मी बारावा. सामन्यात माझे काम बहुधा पाण्याच्या बाटल्या भरण्याचे आणि ओरडण्याचे. तेव्हा खेळाडू म्हणून मी लिहू लागलो तर संघातले मित्रच हसतील. पण गेल्या वर्षी एक प्रसंग घडला आणि त्यामुळे एका फार मोठ्या खेळाडूची ओळख झाली. ती आपल्याला करून द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आंतरमहाविद्यालयीन सामना होता. आमच्या संघातला माझा मित्र रिंगखाली उडी मारताना तोल जाऊन सिमेंटच्या मैदानावर डोक्यावर आपटला. हा मित्र घरी कन्नड बोलतो आणि माझ्याशी मात्र मराठीत भांडतो. क्षणभर त्याचे डोळे पांढरे झाले. आम्ही तोंडावर पाणी मारले, पाच मिनिटे बाकावर बसवले आणि पुन्हा आत पाठवले. पाठवणाऱ्यांत मीही होतो. सामना आम्ही दोन गुणांनी जिंकला. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस दवाखान्यात काढल्यावर तो सुखरूप घरी आला, पण डॉक्टरांनी आम्हांला जे सुनावले ते अजून कानांत आहे. डोक्याला मार लागलेल्या मुलाला परत खेळायला कोणी पाठवले, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर अशा दुखापतींविषयी वाचू लागलो आणि मॉरिस स्टोक्स हे नाव समोर आले.

मॉरिस स्टोक्सचा जन्म 17 जून 1933 रोजी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळच्या रँकिन या गावी झाला. तो सारा मुलूख पोलादाच्या कारखान्यांचा. वडील कारखान्यात कामाला आणि आई लोकांच्या घरी कामे करणारी, असे ते कृष्णवर्णीय कुटुंब. पुढे ते पिट्सबर्ग शहरात राहायला आले. वेस्टिंगहाऊस हायस्कूलमध्ये पहिली काही वर्षे हा मुलगा संघाच्या मुख्य पाच जणांत नव्हता. (आम्हां बाकावरच्यांना हे वाचून किती बरे वाटते, ते सांगायला नको!) शेवटच्या दोन वर्षांत मात्र त्याने जागा पक्की केली आणि शाळेला शहराचे विजेतेपद मिळाले.

नंतर लोरेटो या लहानशा गावातल्या सेंट फ्रान्सिस कॉलेजात तो गेला. कॉलेज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे, विद्यार्थी मोजके. देशात फार कोणाला ठाऊक नसलेल्या या कॉलेजला स्टोक्सने 1955 साली न्यूयॉर्कच्या मोठ्या निमंत्रितांच्या स्पर्धेत नेले. संघ चौथा आला, पण स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड झाली ती स्टोक्सची. चौथ्या क्रमांकाच्या संघातल्या खेळाडूला हा मान मिळावा, यावरूनच त्याच्या खेळाची कल्पना यावी.

त्याच वर्षी रॉचेस्टर रॉयल्स या व्यावसायिक संघाने त्याला करारबद्ध केले. एन.बी.ए. या व्यावसायिक लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू येऊ लागले ते 1950 पासून, म्हणजे त्या वेळी ही गोष्ट जेमतेम पाच वर्षांची होती. उंची 6 फूट 7 इंच आणि बांधा भरभक्कम. एवढ्या देहाचा खेळाडू त्या काळी रिंगखाली उभा राहून चेंडू अडवीत असे. स्टोक्स मात्र बोर्डावरून परत आलेला चेंडू स्वतः पकडी, स्वतःच ड्रिबल करीत मैदानभर पळवी आणि मोकळ्या साथीदाराला अचूक पास देई. पहिल्याच सामन्यात त्याने न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध 32 गुण केले. त्या हंगामाअखेर तो वर्षातला सर्वोत्कृष्ट नवा खेळाडू ठरला. दुसऱ्या हंगामात त्याने 1,256 रिबाउंड घेतले, आणि तो त्या वेळचा विक्रम होता. तिन्ही वर्षे तो ऑल-स्टार सामन्यात खेळला. त्या तीन हंगामांत मिळून त्याच्याइतके रिबाउंड, म्हणजे 3,492, कोणीही घेतले नाहीत, आणि साथीदारांना गुण मिळवून देणाऱ्या पासांत बॉस्टनच्या बॉब कूझीखालोखाल त्याचाच क्रमांक होता. हिशेबाच्या विद्यार्थ्याला आकडे आवडतात म्हणून मी हे देत नाही. रिबाउंड म्हणजे दुसऱ्याच्या हुकलेल्या नेमातून संघाला पुन्हा दिलेली संधी, आणि पास म्हणजे आपल्या हातातली संधी दुसऱ्याला देणे. स्टोक्स या दोन्ही बाबतींत अग्रभागी होता, यात त्याचा स्वभाव दिसतो असे मला वाटते.

1957 मध्ये रॉयल्स संघ सिनसिनाटी शहरात आला. 12 मार्च 1958 रोजी साखळीतला शेवटचा सामना मिनियापोलिसला होता. रिंगकडे झेपावताना स्टोक्सला धक्का लागला, तो डोक्यावर पडला आणि बेशुद्ध झाला. उग्र वासाचे औषध हुंगवून त्याला शुद्धीवर आणले गेले आणि तो पुन्हा खेळू लागला. तपासणी नाही, विश्रांती नाही. तीनच दिवसांनी डेट्रॉइटला बाद फेरीचा सामना. तिथेही तो खेळला, 12 गुण केले, 15 रिबाउंड घेतले. परतीच्या विमानात त्याला झटके आले. तो बेशुद्धीत गेला. शुद्धीवर आला तेव्हा सारे शरीर लुळे पडलेले, बोलता येईना, पण बुद्धी शाबूत होती. सगळे ऐकू येत होते, कळत होते, फक्त सांगता येत नव्हते. त्या वेळी त्याचे वय होते चोवीस. तो पुन्हा कधीही खेळला नाही. कारकिर्दीतले एकूण सामने 202.

मिनियापोलिसच्या त्या मैदानावर जे घडले आणि आमच्या सिमेंटच्या मैदानावर जे घडले, त्यांत फरक फक्त दैवाचा. हे कळले त्या रात्री मला झोप आली नाही.

स्टोक्सची गोष्ट इथे संपली असती तर ती एक शोकांतिका म्हणून विसरली गेली असती. पण त्याच संघात जॅक ट्वायमन नावाचा खेळाडू होता. तोही पिट्सबर्गचाच, 1955 सालीच संघात आलेला, आणि गोरा. त्या काळच्या अमेरिकेत अनेक ठिकाणी गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एका टेबलाशी जेवणेही कठीण होते. दोघे जिवलग होते असेही नाही. ते फक्त एका संघातले होते.

आता प्रश्न पैशाचा आला. खर्च डोंगराएवढा आणि आईवडील दूर पिट्सबर्गला. बँकेत स्टोक्सची शिल्लक होती, पण सही करायला हात उठत नव्हता. त्याच्या वतीने व्यवहार करायला कायदेशीर पालक हवा होता. ट्वायमन पालक झाला. तेव्हा तो स्वतः अवघा तेवीस वर्षांचा होता, म्हणजे आमच्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा! घरी संसार, हंगामभर सामने, आणि त्यात या बारा वर्षांच्या जबाबदारीची भर. बारा वर्षे लागतील हे तेव्हा त्याला कुठे ठाऊक होते?

पुढचा भाग वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कारखान्यात यंत्रात हात सापडला तर मजुराला नुकसानभरपाई मिळते, हे तत्त्व आपल्या देशातही 1923 च्या कायद्याने आले. पण खेळाडू हा कामगार आहे काय? खेळताना झालेली इजा ही कामावर झालेली इजा आहे काय? ट्वायमनने हा मुद्दा लावून धरला आणि ओहायो राज्याच्या कामगार भरपाई योजनेतून स्टोक्सला लाभ मिळवून दिला. प्रेक्षकांना जो खेळ वाटतो तो खेळाडूचा रोजगार असतो, हे त्याने मान्य करून घेतले. वसतिगृहात पुस्तक मिटून मी बराच वेळ याचाच विचार करीत होतो. औद्योगिक कायद्याची जी प्रकरणे मी गुणांसाठी पाठ केली होती, त्यांत माणूस असतो हे मला तेव्हा प्रथम जाणवले.

भरपाई पुरेशी नव्हती. म्हणून 1958 पासून न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात, कुटशर यांच्या हॉटेलात, दर उन्हाळ्यात स्टोक्सच्या मदतीसाठी सामना होऊ लागला. हंगामभर एकमेकांशी झुंजणारे नामवंत खेळाडू तिथे एकत्र येत. विल्ट चेंबरलेनसारखा महाकाय खेळाडूही येई. त्याने तरुणपणी त्याच हॉटेलात सामान वाहण्याचे काम केले होते.

आणि स्टोक्स? त्याला केवळ दयेचा विषय समजणे अन्यायाचे होईल. आरंभी ट्वायमन एकेक अक्षर उच्चारी आणि हवे ते अक्षर आले की स्टोक्स पापणी मिटे. अशा रीतीने शब्द आणि वाक्ये जुळत. ज्या हातांनी 3,492 रिबाउंड घेतले, त्या हातांची बोटे हलवायला त्याला वर्षानुवर्षे व्यायाम करावा लागला. तो केला. हळूहळू टाइपरायटरवर लिहू लागला, अडखळत बोलू लागला, चित्रे रंगवू लागला. मैदानावरच्या तीन वर्षांपेक्षा ही बारा वर्षे अधिक कसोटीची, आणि त्यांना टाळ्या वाजवायला प्रेक्षक नव्हते.

6 एप्रिल 1970 रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय छत्तीस. त्याच्याच इच्छेनुसार त्याला लोरेटोच्या कॉलेजच्या आवारातील धर्मगुरूंच्या दफनभूमीत पुरण्यात आले. ज्या छोट्या कॉलेजला त्याने नाव मिळवून दिले, तिथेच तो परत गेला. 1973 मध्ये दोघांच्या मैत्रीवर चित्रपट निघाला. 2004 साली बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात स्टोक्सला स्थान मिळाले, तेव्हा त्याच्या वतीने तो सन्मान स्वीकारायला सत्तरीतला ट्वायमन उभा होता. मित्राच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनीही त्याचे पालकत्व संपले नव्हते! 2012 मध्ये ट्वायमनही गेला. पुढच्याच वर्षापासून एन.बी.ए.ने उत्तम साथीदाराला पुरस्कार देणे सुरू केले. त्याला नाव आहे ट्वायमन आणि स्टोक्स या दोघांचे. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूने तपासणीशिवाय मैदानात परतू नये, असे रीतसर नियम त्या लीगने 2011 साली केले. स्टोक्स पडला त्याला तेव्हा त्रेपन्न वर्षे झाली होती.

हे सारे वाचून झाल्यावर मी त्या मित्राकडे गेलो आणि त्याला परत आत पाठवल्याबद्दल माफी मागितली. त्याने आधी कन्नडमध्ये आणि मग मला नीट कळावे म्हणून मराठीत शिव्या दिल्या. मग त्याच्या अव्वांनी आम्हां दोघांनाही जेवायला वाढले.

या हंगामात आम्ही संघातल्या मुलांनी एक नियम आपणच केला आहे. कोणी डोक्यावर पडला तर सामना हरला तरी चालेल, तो त्या दिवशी पुन्हा आत जाणार नाही. त्याला दवाखान्यात नेण्याची जबाबदारी बाराव्या खेळाडूची. म्हणजे माझी. संघातले हे स्थान मला आता लहान वाटत नाही.