सोमाचा माग काढणारा बँकर : गॉर्डन वॉसन

रॉबर्ट गॉर्डन वॉसन यांचा जन्म २२ सप्टेंबर १८९८ रोजी अमेरिकेतील मोंटाना राज्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. काही वर्षे पत्रकारिता केल्यावर ते न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन या पेढीत रुजू झाले आणि तिचे उपाध्यक्ष झाले.

आयुष्याला वळण मिळाले ते १९२७ मध्ये. कॅट्सकिलच्या डोंगरात त्यांच्या रशियन पत्नी, बालरोगतज्ज्ञ व्हॅलेंटिना, रानातील अळंबी हर्षाने वेचू लागल्या. वॉसन मात्र भयाने मागे सरले. एकाच वस्तूविषयी दोन समाजांत इतका विरोधी भाव का, याचा शोध दोघांनी पुढे तीस वर्षे घेतला. १९५७ मध्ये मेक्सिकोतील मारिया साबिना यांच्या अळंबी-विधीवरील वॉसन यांचा लेख गाजला. मात्र त्यामागोमाग तेथे परक्यांची रीघ लागली, साबिना यांना गावाचा रोष सोसावा लागला आणि वॉसन यांना त्याची खंत राहिली. १९५८ च्या अखेरीस व्हॅलेंटिना निवर्तल्या.

निवृत्तीनंतर, १९६८ मध्ये, त्यांनी ग्रंथरूपाने मांडले की ऋग्वेदातील सोम म्हणजे लाल छत्रीची, पांढऱ्या ठिपक्यांची ॲमानिटा मस्कारिया ही अळंबी होय. सोमाच्या वेदोत्तर इतिहासाचा भाग वेंडी डोनिजर यांनी लिहिला. या अळंबीत इबोटेनिक आम्ल असते. ते मज्जापेशींना अतिउत्तेजित करते. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या मेंदूतील ठरावीक पेशी नष्ट करण्यासाठीही ते वापरले जाते. अळंबी वाळवली की त्यातील काही आम्लाचे मस्किमॉल बनते. गुंगी मुख्यतः त्याचीच असून ते मूत्रावाटे बाहेर पडते. सायबेरियात अळंबी खाणाऱ्याचे मूत्र इतर जण प्राशन करीत. या प्रथेचे सूचन ऋचांतही असल्याचे वॉसन मानत.

परंतु १९६५ व १९६६ मध्ये जपानात स्वतः ही अळंबी खाल्ली, तेव्हा त्यांच्या वाट्याला मळमळ आणि झोप आली. सूक्तांतील आनंद दूरच राहिला. आपल्याच सिद्धान्ताला प्रतिकूल असा हा अनुभव त्यांनी ग्रंथात नोंदवला. १९७१ मध्ये संस्कृतज्ञ जॉन ब्रफ यांनी त्यांच्या अर्थनिर्णयावर कठोर आक्षेप घेतले. अनेक अभ्यासकांचा कल एफेड्रा वनस्पतीकडे आहे. झरथुष्ट्री विधींत ती आजही होम म्हणून वापरली जाते. सोमाची ओळख अद्याप निर्विवाद ठरलेली नाही.

२३ डिसेंबर १९८६ रोजी वॉसन यांचे निधन झाले. पतिपत्नींच्या नावाचा अळंबीविषयक संग्रह हार्वर्ड विद्यापीठात जतन केलेला आहे.