शिकायला आला अन् मास्तर झाला! लग्नाच्या मांडवातून आलेला ऊदवादक रियाद अल-सुंबाती

कैरो, साल १९२८ च्या आसपास. खेड्यापाड्यांत लग्नाच्या मांडवात गाणारा, नुकतीच विशी ओलांडलेला एक तरुण अरबी संगीताच्या संस्थेत नाव घालायला गेला. आधी परीक्षा होती. त्याने ऊद वाजवला, गाऊन दाखवलं. परीक्षक चाट पडले. याला आता शिकवायचं काय? शेवटी विद्यार्थ्यांच्या यादीत नाव लिहिण्याऐवजी त्यांनी त्याला ऊदचा शिक्षक म्हणूनच ठेवून घेतलं.

हा तरुण म्हणजे रियाद अल-सुंबाती. पुढे अरबी जगातला फार मोठा संगीतकार झाला. पण त्याची खरी शाळा त्या संस्थेच्या कितीतरी आधी भरली होती.

इजिप्तमध्ये नाईल नदी समुद्राला मिळते तिथे कापसाचा आणि भाताचा सुपीक मुलूख आहे. तिथल्या फरास्कूर गावी ३० नोव्हेंबर १९०६ रोजी रियादचा जन्म झाला. वडील मुहम्मद हे गावोगाव लग्नांत आणि उरुसांत गाणारे, ऊदही वाजवणारे. पोरानं चार बुकं शिकावीत असं त्यांना वाटायचं. पण पोरगं शाळेला दांडी मारून शेजारच्या सुताराकडे जाऊन बसायचं. एक दिवस वडिलांनी त्याला तिथेच पकडलं. बघतात तर हा ऊद वाजवत गातोय. मार बसायचा, पण वडील ऐकतच राहिले, असं सांगतात.

नऊ वर्षांचा असताना रियादच्या डोळ्यांना आजार झाला आणि शाळा सुटली ती कायमची. मग वडिलांनी त्याला स्वतःजवळ बसवून सूर आणि ताल शिकवायला घेतलं. काही वर्षांत तो वडिलांच्या ताफ्यात गाऊ लागला. कुटुंब मन्सूरा शहरात राहायला आलं होतं, तिथे लोक त्याला मन्सूराचा बुलबुल म्हणू लागले.

आता ऊद म्हणजे काय, तेही पाहू. लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून केलेला, अर्ध्या भोपळ्यासारखा फुगीर पोटाचा हा तंतुवाद्याचा प्रकार. गळा आखूड आणि खुंट्यांचं डोकं मागे मोडल्यासारखं वळलेलं. पूर्वी तो गरुडाच्या पिसाच्या देठाने छेडत. साधारण अकरा तारा असतात, पाच जोड्या आणि एक एकेरी जाड तार. पेटीचा सा धरून सांगायचं तर सर्वांत बारीक जोडी तार सप्तकातल्या सा ला लावतात. पुढची प ला, मग रे ला, मग मंद्रातल्या ध ला आणि मंद्रातल्या प ला. एकेरी तार ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे लावायची. दोन्ही तारा एकाच सुरात बोलल्या नाहीत तर जोडी बेसूर वाजते, म्हणून नवशिक्याचा निम्मा वेळ खुंट्या पिळण्यातच जातो.

खरी अवघड गोष्ट पुढेच आहे. सतारीला पडदे असतात, ऊदला नसतात. बोट कुठे ठेवायचं ते कानाने ठरवायचं. आणि अरबी संगीतात असे सूर आहेत, जे पेटीवर सापडतच नाहीत. रास्त नावाच्या मकामात ग हा कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोन्हींच्या मधोमध बसतो. नि सुद्धा तसाच. बयाती मकाम रे पासून सुरू होतो आणि त्याचा दुसराच सूर असा मधला आहे. हिजाझ मात्र आपल्या भजनी मंडळांना लगेच ओळखू येईल, त्याची सुरुवात भैरवाच्या पहिल्या चार सुरांसारखी आहे.

मकाम म्हणजे नुसती सुरांची पायरी नव्हे. सुरुवात कुठून, थांबायचं कुठे, मध्येच दुसऱ्या मकामात जाऊन घरी परत कसं यायचं, हे सगळं त्यात येतं. शब्दाचा मूळ अर्थच जागा, ठिकाण. पत्रावर आपण मु. पो. लिहितो, त्यातला मुक्काम याच अरबी शब्दावरून मराठीत आला आहे.

असे सूर कागदावर बघून येत नाहीत. डोळे अधू झालेल्या रियादला ते वडिलांच्या गळ्यातून आणि रात्र रात्र चालणाऱ्या मैफलींतून मिळाले.

१९२२ साली सय्यद दरवेश मन्सूराला आले. त्या काळी इजिप्तमध्ये त्यांच्या नावाचा दबदबा होता. पोराचं गाणं ऐकून त्यांनी त्याला आपल्यासोबत अलेक्झांड्रियाला न्यायचं ठरवलं. वडिलांनी साफ नकार दिला. पोरगं म्हणजे ताफ्याचा उजवा हात, तो गेला तर चूल पेटणार कशी? वडिलांना आप्पलपोटं म्हणणं सोपं आहे. पण पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी दरवेश वारले. आणि १९२८ मध्ये याच वडिलांनी मन्सूरा सोडून पोरासाठी कैरोचा रस्ता धरला. तिथे काय झालं ते सुरुवातीला आलंच आहे.

संस्थेत सुमारे तीन वर्षं शिकवल्यावर रियाद चाली बांधण्याकडे वळले. १९३५ पासून ते उम्म कुलसूम यांच्यासाठी चाली करू लागले. अरब जगाची ही लाडकी गायिकाही नाईलच्या त्याच भागातली. लहानपणी मुलाचा वेश करून वडिलांसोबत गावोगाव गायची. दोघांची शाळा एकच म्हणायची. तिच्यासाठी त्यांनी नव्वदच्या आसपास गाणी बांधली. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिची मैफल रेडिओवर लागायची आणि देशोदेशीचे लोक रेडिओला चिकटून बसायचे.

जुन्या, अवघड भाषेतल्या कवितांना चाल लावावी ती सुंबातींनीच, असं मानलं जायचं. १९६६ मध्ये आलेलं अल-अतलाल हे त्यांचं सर्वांत गाजलेलं काम. नावाचा अर्थ पडके अवशेष. कविता इब्राहीम नागी या डॉक्टर कवीची, जो तेरा वर्षांपूर्वीच वारला होता. त्यासाठी सुंबातींनी निवडलेला राहत अल-अरवाह हा मकाम ज्या सुरावर उभा राहतो तो कोमल नि आणि शुद्ध नि यांच्या मधला. म्हणजे घराचा उंबराच पेटीबाहेरचा! मन्सूराच्या मांडवात कानाने गिरवलेला सूर इथे लाखो लोकांच्या ओठांवर आला.

गळा इतका गोड, पण स्वतः पुढे यायची त्यांना हौस नव्हती. १९५२ मध्ये हबीब कल्बी या एकाच सिनेमात ते नायक झाले, पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. १९७७ मध्ये युनेस्कोने त्यांचा गौरव केला. सप्टेंबर १९८१ मध्ये कैरोत त्यांचं निधन झालं.

त्यांनी ताल न धरता एकट्याने वाजवलेल्या ऊदचं ध्वनिमुद्रणही मागे राहिलं आहे. या वादनाला तकासीम म्हणतात, आपल्या आलापीसारखं. ऊद शिकणारी अरबी पोरं आजही ते ऐकून बोटं बसवतात.