झुरळं, उंदीर आणि एक नोबेल

कर्करुग्णांच्या रक्तात फिरणाऱ्या जिवाणूंच्या डीएनएवरून कर्करोग ओळखता येईल, असा दावा करणारा शोधनिबंध २०२०मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि गाजला. २०२४मध्ये तो मागे घेतला गेला. माणसाच्याच डीएनएचे तुकडे जिवाणूंचे म्हणून मोजले गेले होते! अशा वेळी योहानेस फिबिगर हटकून आठवतात.

डेन्मार्कमधल्या सिल्केबोर्ग इथे १८६७ साली जन्मलेला हा डॉक्टरचा मुलगा बर्लिनला कॉख आणि बेहरिंग यांच्याकडे शिकला. कोपनहेगनला परतल्यावर त्यांनी घटसर्पाच्या रुग्णांना एक दिवसाआड लस-द्रव्य, म्हणजे सीरम, दिलं. ज्या दिवशी सीरम, त्या दिवशी दाखल झालेल्या सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी आलेल्यांना नाही. २३९ पैकी ८ दगावले, सीरम न मिळालेल्या २४५ पैकी ३०. औषधाची इतकी स्वच्छ तुलना तोवर क्वचितच झाली होती. माझ्या मते फिबिगर यांचं खरं मोठं काम हेच.

१९०७मध्ये क्षयाच्या प्रयोगातल्या तीन उंदरांच्या जठरात त्यांना गाठी दिसल्या आणि गाठींत बारीक कृमी. मग हजाराहून जास्त उंदीर फाडून पाहिले. एकातही तसं काही नाही. अखेर झुरळांनी बुजबुजलेल्या एका साखर कारखान्यातल्या उंदरांत कृमी सापडले. ती झुरळं प्रयोगशाळेतल्या उंदरांना खाऊ घातल्यावर त्यांनाही गाठी आल्या. १९१३मध्ये हे प्रसिद्ध झालं. कर्करोग हवा तेव्हा निर्माण करता येतो, या कल्पनेने जग हरखलं आणि १९२६चं नोबेल त्यांना मिळालं. पारितोषिक प्रत्यक्ष दिलं गेलं १९२७च्या डिसेंबरात. पुढच्याच महिन्यात ते वारले. त्यांना स्वतःला आतड्याचा कर्करोग झाला होता.

नंतरच्या संशोधकांना कळलं, की त्या गाठी कर्करोगाच्या नव्हत्याच. उंदरांच्या आहारात ‘अ’ जीवनसत्त्व कमी होतं आणि कृमींमुळे जठराचं अस्तर चिडून जाडावत होतं. घटसर्पाच्या वेळी इतकी काटेकोर तुलना करणाऱ्या माणसाकडून उंदरांच्या खाण्याची बाजू तपासायची राहिली.

कर्करोगावरच्या संशोधनाला पुढचं नोबेल थेट १९६६मध्ये मिळालं. त्यात पेटन राउस होते, कोंबड्यांमधला कर्करोग विषाणूमुळे होतो हे १९११मध्येच दाखवणारे. माणसातही असा विषाणू आहे: एप्स्टाइन-बार. नाक-घशाच्या कर्करोगात त्याचा डीएनए रक्तात उतरतो. हाँगकाँगमध्ये सुमारे २० हजार पुरुषांची तशी तपासणी झाली, तेव्हा सापडलेले बहुतेक रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले होते.